पगारवाढीची फाईल सिंगापूरला जाते, मग बोलणी कोणाशी करायची?

पाळीवाला_बुटीबोरी

नमस्कार. नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी नऊ वर्षांपासून देखभाल विभागात काम करतो. कारखाना आधी एका देशी उद्योगसमूहाचा होता. पाच वर्षांपूर्वी तो एका परदेशी कंपनीने घेतला. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण नोकरी करायची आहे.

मालक बदलल्यावर काही गोष्टी निःसंशय सुधारल्या. सुरक्षा बूट वेळेवर मिळतात, बंद टाकीत माणूस उतरवण्याआधी वायूची तपासणी झाल्याशिवाय परवान्यावर कोणी सही करत नाही, आणि भविष्य निर्वाह निधीचे पैसे भरले की नाही हे विचारायला कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचून कोणी मला नुसता खोट काढणारा समजू नये.

अडचण वेतन कराराची आहे. पूर्वी दर तीन वर्षांनी आमच्या युनियनने मागणीपत्र दिले की मुंबईहून संचालक येत, विश्रामगृहावर दोन-तीन दिवस घासाघीस चाले, एखाद्या रात्री दोन्हीकडची माणसे चिडून उठत, सकाळी पुन्हा बसत आणि अखेर सह्या होत. समोर बसलेला माणूस ‘हो’ म्हणू शकत होता आणि ‘नाही’सुद्धा म्हणू शकत होता. आता कारखान्याचे व्यवस्थापक अत्यंत सौजन्याने बोलतात, चहा पाजतात, सगळे टिपून घेतात आणि सांगतात की ठरावीक टक्क्यांपुढचा निर्णय त्यांच्या हातात नाही. फाईल सिंगापूरच्या विभागीय कार्यालयात जाईल आणि तेथून मूळ कंपनीत. मागचा करार संपून चौदा महिने झाले. फाईल वर आहे, एवढेच आम्हाला कळते.

दरम्यान ऑपरेटरचे ‘असोसिएट’ झाले. एचआर विभागाने निवडलेल्या लोकांची एक संवाद समिती स्थापन झाली. तीत कँटीनच्या भाजीपासून बसच्या थांब्यापर्यंत सर्व विषय निघतात, पगार तेवढा निघत नाही. निवृत्त झालेल्यांच्या जागी ठेकेदाराची माणसे आणि शिकाऊ मुले आली, त्यामुळे युनियनचे सभासद दर वर्षी घटत आहेत. गेल्या महिन्यातल्या सभेत पडद्यावर एक आलेख दाखवण्यात आला, ज्यात आमच्या कारखान्याचा एका नगामागचा खर्च व्हिएतनाम आणि पोलंडमधल्या कारखान्यांच्या शेजारी मांडला होता. धमकी कोणी दिली नाही. आलेख मात्र बराच वेळ पडद्यावर राहिला.

माझा प्रश्न असा की, बहुराष्ट्रीय कंपन्या ज्या देशात जातात तेथील मालक-कामगार संबंध खरोखर बदलतात, की हे सारे आपल्याकडे होणारच होते आणि परदेशी मालक केवळ निमित्त आहे? मूळ कंपनी कोणत्या देशाची आहे याने काही फरक पडतो का? आणि ज्याच्याकडे निर्णयाचा अधिकार आहे त्याला टेबलावर आणण्याचा काही मार्ग आहे का?

एम्प्रेसचा_नातू

भाऊ, माझे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिल या कापड गिरणीत साचे (माग) चालवत. मी स्वतः हिंगण्याच्या एमआयडीसीत अठ्ठावीस वर्षे काढली, त्यातली अकरा युनियनच्या कार्यकारिणीत. तेव्हा पुस्तकी उत्तर माझ्याकडून मिळणार नाही, पण थोडा इतिहास ऐकून घ्यावा लागेल.

दूरचा मालक नागपूरला नवा नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी ही गिरणी सुरू केली तेव्हा भांडवल मुंबईचे होते, यंत्रे विलायतेची होती आणि घाम तेवढा येथला होता. त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून या गिरणीत संप झाला आणि देशातल्या अगदी सुरुवातीच्या संपांत त्याची गणना होते. तरीही एक फरक लक्षात घ्या. गिरणीचा कारभार पाहणारे बेझनजी मेहता नागपुरातच होते, म्हणजे भांडायचे तर माणूस गावात होता. कामगारांसाठी निवृत्तिवेतनाची आणि अपघात भरपाईची सोय त्या गिरणीत कायद्याच्या कितीतरी आधी झाली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

कोणाशी बोलायचे, हा वादही आपल्या गावाने पाहिलेला आहे. १९२९ साली आयटक या देशव्यापी कामगार संघटनेचे अधिवेशन नागपुरात भरले, अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू होते, आणि इंग्रज सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या व्हिटली आयोगाशी सहकार्य करायचे की त्याच्यावर बहिष्कार टाकायचा, यावरून संघटना फुटली. कामगार नेते ना. म. जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. निर्णय घेणारा दूर असला की कामगारांची ताकद आधी आपसातल्या वादात खर्च होते, हे मी माझ्या अकरा वर्षांतही पाहिले.

आता परदेशी कंपनी म्हणजे युनियनची वैरी, हे समीकरण मला मान्य नाही. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबई आणि ठाण्यातल्या परदेशी औषध, साबण आणि इंजिनिअरिंग कंपन्यांतच सर्वांत भक्कम युनियन होत्या, महागाई भत्ता निर्देशांकाशी बांधलेला होता आणि तेथे चिकटलेल्या मुलाला लग्नाच्या बाजारात भाव होता. त्या काळी आयातीवर बंधने होती, त्यामुळे भारतात विकायचे तर भारतात बनवणे भाग होते. माल येथेच खपणार, स्पर्धा कमी, नफा सुरक्षित. म्हणून त्यातला वाटा युनियनला देणे कंपनीला परवडत असे. १९९१ मध्ये अर्थव्यवस्था खुली झाल्यावर तोच कारखाना जगभर पसरलेल्या साखळीतला एक दुवा झाला. तुमचा माल कोण विकत घेतो आणि तो दुसरीकडे बनू शकतो का, हे मालकाच्या पासपोर्टपेक्षा जास्त महत्त्वाचे आहे.

आणि त्या आलेखाला घाबरू नका. सिमेंटमध्ये बोल्ट मारून बसवलेली यंत्रे कोणी रातोरात व्हिएतनामला नेत नाही.

मिहानची_एचआर

एम्प्रेसचा नातू यांच्या शेवटच्या वाक्याशी मी असहमत आहे, आणि ते वाक्य ऐकायला गोड असल्यामुळेच थोडे सविस्तर लिहिते. मी तेरा वर्षांपासून एचआर विभागांत आहे, आधी दोन परदेशी उत्पादक कंपन्यांत आणि आता नागपूरच्या मिहान या विशेष आर्थिक क्षेत्रात.

यंत्रे कोणी उचलून नेत नाही, हे खरे आहे. मात्र पुढचे मॉडेल, पुढची उत्पादन रेषा, पुढच्या पाच वर्षांची गुंतवणूक कोठे जायची याचा निर्णय दर वर्षी होतो आणि त्यासाठी एकाच कंपनीचे निरनिराळ्या देशांतले कारखाने एकमेकांविरुद्ध अक्षरशः निविदा भरतात. ज्या कारखान्याला नवीन काम मिळत नाही तो बंद झाला असे कोणी म्हणत नाही. तेथे जुने यंत्र दुरुस्त करून वापरले जाते, निवृत्तांच्या जागा भरल्या जात नाहीत आणि दहा वर्षांनी तो आपोआप लहान होतो. आपल्याच राज्यात तळेगावला जनरल मोटर्सचे काय झाले ते पाहा. कंपनीने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, निर्यातीसाठी उत्पादन चालू ठेवले, डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबवले. कामगारांचा लढा पुढे कोर्टात गेला आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. कामगारांचे कौशल्य किंवा वर्तन यांचा त्या मूळ निर्णयाशी काहीही संबंध नव्हता. जगातल्या कोणत्या बाजारांत राहायचे, याचा तो हिशेब होता आणि तो अमेरिकेत मांडला गेला.

आता पाळीवाला यांच्या व्यवस्थापकांविषयी. ते खोटे बोलत असतील असे मला वाटत नाही. अशा कंपन्यांत कोणत्या पदावरच्या माणसाने किती रकमेपर्यंत सही करायची याचा तक्ता ठरलेला असतो. त्या तक्त्यात एक गंमत असते, जी बाहेरच्यांना सहसा दिसत नाही: कारखाना प्रमुख काही लाखांचे यंत्र स्वतःच्या सहीने घेऊ शकतो, पण एक कायम माणूस घेऊ शकत नाही. कायम माणूस म्हणजे ‘हेडकाउंट’, आणि हेडकाउंटचा आकडा मुख्यालयातून गोठवलेला असतो. ठेकेदाराची माणसे मात्र हेडकाउंटमध्ये मोजली जात नाहीत. ती ‘सेवा खरेदी’ या खात्यात, साफसफाईच्या साहित्याच्या आसपास कोठेतरी बसतात. उत्पादन तर वाढवायचे आहे आणि माणूस घेता येत नाही, म्हणून स्थानिक व्यवस्थापक ठेकेदाराला फोन करतो. कंत्राटी कामगार वाढवा, असा आदेश मी एकाही मुख्यालयातून आलेला पाहिला नाही. हिशेबाची रचनाच अशी असते की दुसरा मार्ग उरत नाही.

युनियन टाळण्याचे प्रशिक्षण असते का? असते. मी एकदा त्या वर्गाला बसले आहे. जेवणाच्या सुट्टीत नेहमीचे गट बदलले का, तक्रारपेटीतल्या चिठ्ठ्या अचानक कमी झाल्या का, अशा ‘लक्षणांची’ यादी आम्हाला दिली होती. पदनामे बदलणे आणि पगार वगळून सर्व विषयांची समिती नेमणे, हे त्याच वर्गात शिकवले जाते. हे लिहिताना मला फार अभिमान वाटत नाही.

दुसरी बाजूही सांगते. परदेशी खरेदीदारांच्या तपासण्यांमुळे अग्निसुरक्षा, महिलांसाठी रात्रीची वाहतूक आणि लैंगिक छळाविरुद्धच्या समित्या या गोष्टी अनेक ठिकाणी कागदावरून प्रत्यक्षात आल्या. पण तपासनीस हजेरीपट पाहतो, आणि ठेकेदाराचा हजेरीपट त्याच्या येण्याच्या आदल्या रात्री पूर्ण केलेला असू शकतो. कर्नाटकात कोलारजवळ नरसापूरला अ‍ॅपलसाठी आयफोन बनवणाऱ्या विस्ट्रॉन कंपनीच्या कारखान्यात १२ डिसेंबर २०२० रोजी पगाराच्या तक्रारींवरून तोडफोड झाली. तेथे आचारसंहिता होती, तपासण्याही होत्या, आणि बहुतेक कामगार मात्र ठेकेदारांमार्फत आलेले होते. घटनेनंतर अ‍ॅपलने विस्ट्रॉनला नवे काम देणे तात्पुरते रोखले. खरेदीदाराचा हात किती लांब पोहोचतो आणि किती उशिरा, हे दोन्ही त्यात दिसले.

अंबाझरीचा_मास्तर

मी औद्योगिक संबंध हा विषय शिकवतो, त्यामुळे ‘मूळ कंपनी कोणत्या देशाची’ या प्रश्नावर लिहितो. अभ्यासक या बाबतीत मायदेशाचा प्रभाव आणि यजमान देशाचा प्रभाव असे दोन भाग करतात. वर्गात ही विभागणी सोपी वाटते. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांत गुंततात आणि कधी कधी अगदी अनपेक्षित रीतीने.

सॅमसंगचे उदाहरण घ्या. दक्षिण कोरियात या समूहाने कित्येक दशके युनियनविना कारभार हे धोरणच मानले होते. मे २०२० मध्ये समूहाचे प्रमुख ली जे-याँग यांनी जाहीर माफी मागितली आणि यापुढे ते धोरण राहणार नाही असे सांगितले. जुलै २०२४ मध्ये सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सच्या युनियनने मायदेशात पहिला संपही केला. म्हणजे मायदेशी ती सवय मोडत होती. नेमक्या त्याच वर्षी ९ सप्टेंबरला चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर येथील कारखान्यातील शेकडो कामगार संपावर गेले आणि ३७ दिवस बाहेर राहिले. पगाराची मागणी होतीच, पण गाठ बसली ती युनियनच्या नोंदणीवर. युनियनच्या नावात ‘सॅमसंग’ हा शब्द वापरण्यास कंपनीची हरकत होती. संप चालू असतानाच कंपनीने कारखान्यातल्या एका कामगार समितीशी समझोता जाहीर केला, जो संपकऱ्यांनी मानला नाही. पाळीवाला यांनी आपल्या संवाद समितीकडे हे वाचून पुन्हा एकदा पाहावे. शेवटी तामिळनाडूच्या मंत्र्यांच्या मध्यस्थीने संप मिटला आणि जानेवारी २०२५ मध्ये युनियनची नोंदणी झाली.

याच्या उलट चित्र स्वीडनमध्ये आहे. तेथे किमान वेतनाचा कायदाच नाही. सुमारे नऊ-दशमांश नोकरदारांचे वेतन आणि अटी सामूहिक करारांनी ठरतात. टेस्ला या अमेरिकी मोटार कंपनीने असा करार करण्यास नकार दिला, म्हणून आयएफ मेटल या युनियनने २७ ऑक्टोबर २०२३ पासून संप पुकारला. पुढे गोदी कामगारांनी टेस्लाच्या गाड्या उतरवणे थांबवले आणि टपाल कर्मचाऱ्यांनी नव्या गाड्यांच्या नंबर प्लेट पोहोचवणे थांबवले, कारण तेथे सहानुभूतीचा संप कायदेशीर आहे. १९९५ मध्ये टॉइज आर अस या खेळणी विकणाऱ्या अमेरिकी कंपनीनेही तेथे असाच हट्ट धरला होता, आणि सुमारे तीन महिन्यांच्या संपानंतर तिला करार मान्य करावा लागला. चेन्नई आणि स्वीडन, दोन्ही ठिकाणी बाहेरून आलेली युनियन टाळण्याची सवय एकच होती. यजमानाच्या घरातली शिस्त मात्र आपल्यापेक्षा वेगळी होती.

हरियाणातल्या मानेसरचा मारुती सुझुकीचा कारखाना यांच्या मधला आहे. जपानी पद्धतीत प्रत्येक कंपनीची एक आतली युनियन असते आणि ती व्यवस्थापनाशी मिळून चालते. मानेसरच्या कामगारांना गुरगावच्या जुन्या युनियनऐवजी स्वतःची युनियन हवी होती. २०११ मध्ये हरियाणाच्या कामगार खात्याने नोंदणीचा अर्ज फेटाळला, कंपनीने ‘सद्वर्तनाच्या हमीपत्रावर’ सही केल्याशिवाय आत घेण्यास नकार दिला, आणि त्या वर्षात तीनदा काम थांबले. त्यातच एकाच रेषेवर उभ्या असलेल्या कायम आणि कंत्राटी माणसांच्या पगारात मोठी दरी होती, जी जपानहून आलेली नव्हती, ती आपली देशी देणगी होती. नवीन युनियनची नोंदणी २०१२ च्या सुरुवातीला झाली खरी, पण १८ जुलै २०१२ च्या हिंसाचारात एक वरिष्ठ एचआर अधिकारी मृत्युमुखी पडले. मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने १३ जणांना जन्मठेप दिली आणि अनेक वर्षे तुरुंगात काढलेल्यांसह ११७ जणांना निर्दोष सोडले. यातले किती सुझुकीचे आणि किती हरियाणाचे, याचे सरळ उत्तर मला पंधरा वर्षे शिकवूनही देता येत नाही.

ज्याची चर्चा कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचत नाही असा आणखी एक मार्ग आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत प्रभावी आहे: राज्यांची आपसातली चढाओढ. गुंतवणूक आपल्याकडे यावी म्हणून राज्ये कायदेच बदलतात. कर्नाटकने २०२३ मध्ये दिवसाला १२ तासांपर्यंतच्या पाळीला वाट करून दिली आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा ७५ तासांवरून १४५ वर नेली. तामिळनाडूने त्याच वर्षी एप्रिलमध्ये असेच विधेयक मंजूर केले, पण कामगार संघटनांचा आणि मित्रपक्षांचा विरोध पाहून ते मागे घेतले. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातले कामाचे तास ९ वरून १२ पर्यंत नेण्यास मान्यता दिली. हा बदल एकदा झाला की तो परदेशी कंपनीपुरता राहत नाही. कळमेश्वरच्या एखाद्या घरगुती कारखानदारालाही तोच नियम लागू होतो. तेव्हा पाळीवाला यांच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय, बदलतात’ असे आहे. मात्र कंपनीने स्वतः केलेल्या बदलांपेक्षा, ती यावी म्हणून आपण केलेले बदल जास्त काळ टिकतात.

वकील_सिव्हिल_लाइन्स

मास्तरांनी शिकवले, आता थोडे फाईलीवर येऊ. बोलणी कोणाशी करायची, हा प्रश्न जिनिव्हात फार पूर्वी विचारला गेला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने बहुराष्ट्रीय कंपन्यांविषयी १९७७ मध्ये जो त्रिपक्षीय जाहीरनामा केला आणि जो २०१७ मध्ये सुधारला, त्यात स्पष्ट म्हटले आहे की कामगार प्रतिनिधींची बोलणी, चर्चेतल्या विषयांवर निर्णय घेण्याचा अधिकार असलेल्या व्यवस्थापन प्रतिनिधींशी व्हावीत. उत्पादन दुसऱ्या देशात हलवण्याची धमकी बोलण्यांवर दबाव आणण्यासाठी वापरू नये, असेही त्यातच आहे. धनाढ्य देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही हीच भूमिका आहे. दोन्ही दस्तऐवज ऐच्छिक आहेत, त्यामुळे ते घेऊन थेट औद्योगिक न्यायालयात जाता येणार नाही. तरीही कंपनीच्या वार्षिक अहवालात ती तत्त्वे आम्ही पाळतो असे छापलेले असेल, तर मागणीपत्रासोबत ते पान जोडण्यात काही गैर नाही. भारत त्या मार्गदर्शक तत्त्वांत सामील नाही, पण मूळ कंपनी सामील देशातली असेल तर त्या देशाच्या राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे तक्रार करता येते.

मुख्य मुद्दा याहून साधा आहे. कायद्याच्या दृष्टीने आपला मालक सिंगापूरला नाही. भारतात नोंदलेली कंपनी हीच आपली मालक आहे, तिचे संचालक मंडळ येथे आहे, आणि ‘आम्हाला अधिकार नाही’ हा त्या कंपनीचा बचाव होऊ शकत नाही. मान्यताप्राप्त युनियनशी सद्भावनेने सामूहिक बोलणी करण्यास नकार देणे ही महाराष्ट्राच्या युनियन मान्यतेविषयीच्या १९७१ च्या कायद्यानुसार अनुचित कामगार प्रथा आहे. औद्योगिक विवाद कायद्याच्या पाचव्या अनुसूचीतही ती होती आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. चौदा महिने चहा पाजणे म्हणजे नकार, हे सिद्ध करावे लागेल, आणि त्यासाठी प्रत्येक बैठकीचे कार्यवृत्त लागेल. आपल्याकडे ते नसणार, अशी मला दाट शंका आहे. आजपासून ठेवा. समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे मालक-कामगार वादात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, प्रकरण गेले की माणसांना हजर राहण्यास भाग पाडण्याचे अधिकार त्याच्याकडे असतात, आणि भारतीय कंपनीचा संचालक त्या कक्षेत येतो.

संवाद समितीविषयी: १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कायद्याने जी कार्य समिती नेमता येते, तिच्यातले कामगार प्रतिनिधी नोंदणीकृत युनियनशी विचारविनिमय करून निवडायचे असतात. एचआरने हाताने वेचलेली समिती म्हणजे ती समिती नव्हे, आणि तिने केलेल्या चर्चेने युनियनची जागा भरून निघत नाही. ‘असोसिएट’ या पाटीचेही तसेच. माणूस कामगार आहे की नाही हे पदनामावरून ठरत नाही, तो मुख्यतः काय काम करतो यावरून ठरते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. पाना हातात असेल तर तो कामगारच.

आता वाईट बातमी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेसह केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कारखान्यात एकाहून अधिक युनियन असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियनच वाटाघाटी करणारी युनियन ठरते. आपल्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी ३० टक्के सभासद पुरत. संपाला आगाऊ नोटीस सर्वच उद्योगांत लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक लोकांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संप धरला जातो. कामगार कपात करण्याआधी आणि कारखाना बंद करण्याआधी सरकारी परवानगीची अट पूर्वी १०० कामगारांपासून होती, ती आता ३०० पासून आहे. ठेकेदाराची माणसे आपल्या हजेरीपटावर मोजली जात नाहीत, त्यामुळे कायम माणसे घटत गेली की हा आकडाही आपल्या विरोधात काम करतो. मुदतबंद करारावर थेट कंपनीने घेतलेली मुले मात्र हजेरीपटावर असतात. त्यांना सभासद करून घेतले आहे का?

जाता जाता, मिहानचा उल्लेख आला म्हणून एक गैरसमज दूर करतो. विशेष आर्थिक क्षेत्रात कामगार कायदे लागू नाहीत, असे अनेक जण ठामपणे सांगतात. २००५ च्या कायद्यातच लिहिले आहे की युनियन, औद्योगिक विवाद आणि कामगार कल्याणाच्या कायद्यांतून सूट देता येणार नाही.

मिहानची_एचआर

वकीलसाहेबांचे कार्यवृत्ताविषयीचे म्हणणे आमच्या बाजूनेही खरे आहे. सिंगापूरच्या माणसाला बुटीबोरीचा राग कळत नाही, त्याला ई-मेल कळतो. स्थानिक व्यवस्थापक ‘कामगार नाराज आहेत’ असे फोनवर सांगतो तेव्हा कोणी हलत नाही. समेट अधिकाऱ्याची तारीख लागली की तो विषय आपोआप जोखमींच्या तिमाही यादीत चढतो आणि तेथून वरच्या टेबलावर जातो. मूळ कंपनी जर्मनीची असेल आणि तिच्याकडे तेथे किमान १,००० कर्मचारी असतील, तर २०२३ पासून लागू झालेल्या पुरवठा साखळी कायद्यानुसार तिला तक्रार नोंदवण्याची यंत्रणा ठेवावी लागते, आणि ती ठेकेदाराच्या माणसालाही खुली असते. फ्रान्सचा २०१७ चा कायदा मोठ्या कंपन्यांवर अशीच जबाबदारी टाकतो. युरोपात हे नियम सैल करण्याचे प्रयत्न २०२५ पासून जोरात आहेत, तेव्हा त्यांच्यावर सारी भिस्त ठेवू नका. पण आहेत तोवर वापरा.

पाळीवाला_बुटीबोरी

सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, आपली शंका बरोबर आहे. चौदा महिन्यांत नऊ बैठका झाल्या आणि कार्यवृत्त एकाही बैठकीचे नाही. मुदतबंद करारावरची एकसष्ट मुले आहेत. त्यांना सभासद करण्याचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा आमच्याच जुन्या लोकांनी तो बाजूला सारला, कारण ‘ती दोन वर्षांनी जाणार, त्यांच्यासाठी आपण का भांडायचे?’ हे लिहिताना लाज वाटते. ताई, हेडकाउंटचे आपण सांगितले ते वाचून व्यवस्थापकांवरचा माझा राग थोडा कमी झाला, आणि खरे सांगायचे तर भीती थोडी वाढली.

एम्प्रेसचा_नातू

आलेखाविषयीचे माझे वाक्य मी मागे घेतो. ताईंचे म्हणणे मला पटले. पण तो आलेख तुम्हीही मागून घ्या. खर्चाच्या तुलनेत डॉलरचा भाव कोणत्या तारखेचा धरला आहे, विजेचा दर कोठे मोजला आहे आणि मुख्यालयाच्या खर्चातला किती वाटा बुटीबोरीच्या डोक्यावर टाकला आहे, हे तीन प्रश्न लेखी विचारा. आमच्या वेळी एकदा असाच तक्ता आला होता. तपासल्यावर मजुरीचा वाटा एकूण खर्चात इतका लहान निघाला की पुढच्या बैठकीत तो तक्ता कोणी बाहेर काढला नाही. आणि त्या एकसष्ट मुलांना आधी सभासद करा. आमच्या जुन्या लोकांनी ‘बदली’वाल्यांबद्दल, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी येणाऱ्यांबद्दल, हेच म्हटले होते, आणि शेवटी आम्हीच कमी पडलो.

वकील_सिव्हिल_लाइन्स

रविवारी पहिली पाळी सुटल्यावर युनियनचे दोन पदाधिकारी घेऊन या. येताना मागच्या कराराची प्रत, युनियनच्या नोंदणीचा आणि मान्यतेचा दाखला, मागणीपत्राची पोहोच, संवाद समिती नेमल्याची नोटीस आणि मुदतबंद मुलांपैकी निदान दोघांची नेमणूकपत्रे आणा. नऊ बैठकांच्या तारखा ज्याला जशा आठवतात तशा आधी प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहून काढाव्यात, एकमेकांचे पाहून नव्हे.